न्यूट्रल आणि अर्थिंग : इमारतींच्या विद्युत सुरक्षेतील दोन तारा

मणिपूरमधील लेइसांग हे गाव २८ एप्रिल २०१८ रोजी वीजजाळ्याला जोडले गेले आणि देशातील वस्ती असलेल्या प्रत्येक जनगणना-गावापर्यंत वीज पोहोचल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. त्याच सुमारास, सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतून मार्च २०१९ अखेर सुमारे २ कोटी ६३ लाख कुटुंबांना वीजजोडणी मिळाली. विद्युतीकरणाचा हा प्रवास निश्चितच मोठा आहे. मात्र याच काळातील दुसरी एक नोंदही विचारात घ्यावी लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षी देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १२ हजारांहून अधिक माणसे दगावली. यांतील सर्वच मृत्यू घराच्या चार भिंतींत झालेले नाहीत. तुटलेल्या वाहिन्या, शेतातील पंप, बांधकामाची ठिकाणे यांचाही त्यात वाटा आहे. परंतु घरातील गिझर, धुलाई यंत्र, कूलर किंवा पाणी तापवण्याच्या रॉडमुळे होणाऱ्या अपघातांच्या मुळाशी गेल्यास बहुधा एकच गोष्ट आढळते. भिंतीत दडलेल्या तीन तारांपैकी दोन तारांची, म्हणजे न्यूट्रल व अर्थ यांची, कामे एकमेकींत मिसळलेली असतात, किंवा त्यांतील एक तार नावापुरतीच असते.

दोन तारा, दोन कामे

आपल्याकडे ११ किलोव्होल्टच्या वाहिनीवरील वीज रोहित्रातून उतरवून ग्राहकांना दिली जाते. खेड्यात ज्याला सरसकट ‘डीपी’ म्हटले जाते, त्या रोहित्राच्या कमी दाबाच्या बाजूस तीन वेटोळी एका टोकाशी जोडलेली असतात. या सामाईक बिंदूतून निघते ती न्यूट्रल, आणि उरलेल्या तीन टोकांतून निघतात ते तीन फेज. कोणत्याही दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट, तर एक फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट इतका दाब असतो. हा सामाईक बिंदू रोहित्राजवळच जमिनीशी जोडला जातो. त्यामुळे न्यूट्रलचा दाब जमिनीच्या दाबाच्या आसपास राहतो आणि म्हणूनच तिला बोलीत ‘थंड तार’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. न्यूट्रल ही प्रवाह वाहून नेणारी तार आहे. दिवा, पंखा, शेगडी यांतून गेलेला सर्व प्रवाह तिच्यातूनच रोहित्राकडे परततो.

अर्थची तार याच्या नेमकी उलट. सर्व काही ठीक असताना तिच्यातून जवळपास काहीच वाहू नये. उपकरणाच्या धातूच्या आवरणाला ती जोडलेली असते आणि आतील फेज त्या आवरणाला चिकटली तरच तिला काम पडते. आपल्या तीन पिनी प्लगमधील अर्थची पिन इतर दोहोंपेक्षा लांब असते, ती याचसाठी. प्लग खोचताना सर्वप्रथम अर्थ जोडला जावा आणि काढताना तो सर्वात शेवटी तुटावा. ही पिन जाडही असते. त्यामुळे ती फेजच्या छिद्रात शिरू शकत नाही. इतका बारीक विचार करून घडवलेला हा प्लग आपण दोन पिनी अडॅप्टरमध्ये खोचतो, तेव्हा त्यामागील सारी योजना निष्फळ ठरते.

‘जमिनीत जाणारी’ वीज

अर्थिंगविषयी एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. वीज जमिनीत जाते आणि तेथे विरून जाते, अशी सर्वसामान्य कल्पना असते. वस्तुतः प्रवाहाला जमिनीचे काही आकर्षण नसते. त्याला रोहित्राच्या ज्या वेटोळ्यातून तो निघाला तेथेच परतायचे असते; जमीन ही त्या परतीच्या वाटांपैकी एक वाट, आणि तीही बऱ्यापैकी अवघड. हा मुद्दा एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

एका घराच्या अंगणात अर्थिंगची नळी पुरलेली आहे आणि तिचा जमिनीशी असलेला रोध २० ओहम आहे असे समजू. रोहित्राच्या न्यूट्रलचा जमिनीशी रोध ५ ओहम धरू. घरातील धुलाई यंत्रात फेज आवरणाला चिकटली, तर प्रवाह किती वाहील? २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर. त्या मंडलावर १६ अँपिअरचा एमसीबी बसवलेला असेल तर ९.२ अँपिअर हा त्याच्या दृष्टीने नित्याचाच भार. तो पडणार नाही. दरम्यान यंत्राच्या आवरणावर ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट इतका दाब उभा राहील. अर्थिंग केलेले आहे, एमसीबी आहे, तरीही ओल्या हाताने यंत्राला स्पर्श करणाऱ्याचा जीव धोक्यात आहे. वाचकांना हे विचित्र वाटेल, परंतु देशातील असंख्य स्वतंत्र घरांची स्थिती आजही याहून फारशी वेगळी नाही.

तांत्रिक परिभाषेत या रचनेला ‘टीटी’ प्रणाली म्हणतात : रोहित्राचा अर्थ वेगळा आणि ग्राहकाचा वेगळा, दोहोंना जोडणारी केवळ माती. याउलट ‘टीएन’ प्रणालीत ग्राहकाच्या अर्थपासून रोहित्राच्या न्यूट्रल बिंदूपर्यंत धातूची अखंड वाट उपलब्ध असते. ती एखाद्या ओहमपेक्षा कमी रोधाची असेल, तर दोष उद्भवताच २३० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो आणि एमसीबी क्षणार्धात पडतो. इमारतीत येणाऱ्या विजेच्या केबलचे धातूचे कवच किंवा तिच्यासोबत आणलेली अर्थची पट्टी म्हणूनच अंगणातील खड्ड्यापेक्षा अधिक मोलाची असते. पुरवठादाराने ग्राहकाच्या आवारात अर्थचे टर्मिनल उपलब्ध करून द्यावे, अशी तरतूद भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ३३ मध्ये होती आणि पुढील विनियमांतही ती कायम राहिली. प्रत्यक्षात मीटरच्या फळीवर हे टर्मिनल असते का, आणि असल्यास त्याला काही जोडलेले असते का, हे वाचकांनी आपापल्या घरी पाहण्यासारखे आहे.

अंगणातील खड्ड्याचे गणित

तरीही खड्डा चांगला असावा हे खरेच. भूसंपर्काची भारतीय संहिता आयएस ३०४३ ही आहे. तिच्या १९८७ व २०१८ च्या आवृत्त्या विशेष प्रचलित आहेत. नळीचा किंवा कांबीचा जमिनीशी रोध किती येईल, हे मुख्यतः मातीच्या रोधकतेवर आणि नळीच्या लांबीवर ठरते. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर असल्यास ३ मीटर लांबीच्या ४० मिलिमीटर व्यासाच्या नळीचा रोध साधारण ३० ओहम येतो. नळीची जाडी दुप्पट केली तर तो जेमतेम १२ टक्क्यांनी घटतो. लांबी दुप्पट केली तर १७ ओहमपर्यंत उतरतो. म्हणजे जाड नळीवर खर्च करण्यापेक्षा खोल जाणे श्रेयस्कर.

माती मात्र आपल्या हाती नसते. राजस्थानातील कोरडी वाळू वा दख्खनच्या पठारावरील उघडा बेसॉल्ट खडक यांची रोधकता वरील आकड्याच्या दसपट किंवा अधिक असू शकते, आणि तेथे तीच नळी ३०० ओहम दाखवील. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात उत्तम भूसंपर्क देते. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून नळीपासून सुटते. कोकण किनाऱ्यावरील खारट माती विजेला अनुकूल, पण लोखंडाला घातक. मीठ व कोळसा घालून खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी पद्धत काही काळ उपयोगी पडते. पाणी ओतणारा माणूस घर सोडून गेला की ती संपते. एकेकाळी नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थ जोडण्याची सोपी सोय असे. पाइप प्लॅस्टिकचे झाले तेव्हा अशा हजारो जोडण्या कोणालाही न कळता निरुपयोगी झाल्या.

शंभर वॅटच्या दिव्याची साक्ष

अर्थ ‘आला’ आहे की नाही, हे पाहण्याची तारतंत्र्यांची एक लोकप्रिय रीत आहे. फेज व अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून पाहतात; तो पेटला की अर्थ ठीक. वरील उदाहरणातील घरात १०० वॅटचा दिवा असा लावला, तर त्यातून जेमतेम ०.४ अँपिअर प्रवाह वाहील आणि दिव्याला सुमारे २१९ व्होल्ट मिळतील. तो जवळजवळ पूर्ण तेजाने पेटेल. म्हणजे जो अर्थ एमसीबी पाडण्यास असमर्थ आहे, तो या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो! खरी मोजणी अर्थ टेस्टरने, दोन साहाय्यक कांबी ठरावीक अंतरावर ठोकून करावी लागते.

या परीक्षेचा आणखी एक दुष्परिणाम आहे. अर्थ नसलेल्या जुन्या घरात दिवा पेटत नाही, घरमालक तक्रार करतो, आणि कामगार सॉकेटच्या आतच न्यूट्रलमधून एक तुकडा काढून अर्थच्या टर्मिनलला जोडून देतो. आता दिवा झगझगीत पेटतो. ग्राहक समाधानी होतो. परंतु या क्षणापासून फ्रिजचे आवरण न्यूट्रलशी बांधले गेलेले असते. पुढे कधी त्या घराची न्यूट्रल मीटरच्या आसपास सुटली, तर चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून फेजचा दाब न्यूट्रलवर, आणि तेथून थेट फ्रिजच्या दारावर येतो. फ्रिजमध्ये काही दोष नसताना तो प्राणघातक ठरतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थ जोडणे हा घरगुती वायरिंगमधील, लेखकाच्या मते, सर्वात घातक प्रकार आहे. अर्थ अजिबात नसणे हे त्याहून कमी धोक्याचे.

न्यूट्रल तुटते तेव्हा

एका घराची न्यूट्रल सुटली तर सर्व उपकरणे बंद पडतात आणि टेस्टर सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत पेटतो. ‘दोन्हीकडे फेज येतोय’ असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात तो एकच फेज असतो, उपकरणांतून फिरून आलेला. घर अंधारात असल्यामुळे वीज गेली असे समजून त्या वेळी तारेला हात घालणारे बळी पडतात.

इमारतीची किंवा गल्लीची सामाईक न्यूट्रल तुटते तेव्हा चित्र निराळे असते. वेगवेगळ्या फेजांवरील घरे आता दोन फेजांच्या मध्ये एकामागोमाग जोडली जातात. समजा, एका घरात १०० वॅटचा आणि दुसऱ्यात १००० वॅटचा भार चालू आहे व तिसऱ्या फेजवर काहीच नाही. त्यांचे रोध अनुक्रमे ५२९ आणि सुमारे ५३ ओहम. चारशे व्होल्टची विभागणी रोधाच्या प्रमाणात होईल. १०० वॅटच्या घरात सुमारे ३६४ व्होल्ट, १००० वॅटच्या घरात अवघे ३६. एका घरातील दूरदर्शन संच व दिवे जळतात, दुसऱ्या घरातील इस्त्री कोमट राहते. गंमत अशी की दोषी कमी वीज वापरणारा नसतो, आणि तरी नुकसान त्याचेच होते.

या वेळी संरक्षक साधने काय करतात? काहीही नाही. या मंडलातून वाहणारा प्रवाह ०.७ अँपिअरच्याही आत असतो, त्यामुळे एमसीबीला त्यात वावगे काही दिसत नाही. जमिनीकडे गळती नसल्याने गळतीरोधक साधनही स्वस्थ बसते. यासाठी दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे वेगळे रिले लागते, आणि ते फार थोड्या इमारतींत आढळते.

याच कारणाने न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज किंवा स्विच घालण्यास १९५६ च्या नियम ३२ ने मनाई केली. स्विच हवाच असेल तर तो फेज व न्यूट्रल एकाच वेळी तोडणारा असावा. तरीही जुन्या चाळी व वाड्यांमध्ये दोन्ही तारांवर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज शेजारी शेजारी बसवलेले आजही दिसतात. न्यूट्रलवरील फ्यूज वितळला की वरील पहिला प्रसंग उद्भवतो : घर अंधारात, तारा जिवंत.

कार्यालयांतील तापलेली न्यूट्रल

तीन फेजांवर समतोल भार असेल तर तिन्ही परतीचे प्रवाह एकमेकांना छेद देतात आणि न्यूट्रलमधून जवळपास काहीच वाहत नाही, हे पाठ्यपुस्तकातील विधान होय. त्यावर विसंबून मोठ्या इमारतींत आपल्याकडे ‘साडेतीन कोअर’ केबल सर्रास वापरली गेली. तीन पूर्ण तारा आणि निम्म्या जाडीची न्यूट्रल. परंतु संगणक, एलईडी दिवे आणि चार्जर गुळगुळीत लहरीच्या स्वरूपात प्रवाह ओढत नाहीत. ते लहरीच्या शिखराशी झटके घेतात. त्यातून १५० हर्ट्झची तिसरी उपलहर निर्माण होते. तिन्ही फेजांतील या उपलहरी एकाच तालात असल्याने न्यूट्रलमध्ये त्या परस्परांना मिटवीत नाहीत, त्यांची बेरीज होते. प्रत्येक फेजमध्ये तिसऱ्या उपलहरीचा १० अँपिअर प्रवाह असेल, तर न्यूट्रलमध्ये ३० अँपिअर. निम्म्या जाडीची ही तार तापते, तिच्यावर फ्यूज नसल्याने इशारा मिळत नाही, टर्मिनलचा स्क्रू ढिला होतो. आणि एके दिवशी ती सुटून मागील परिच्छेदातील ३६० व्होल्टचा प्रसंग घडतो. ऊर्जाबचतीच्या चांगल्या उपकरणांनी आणलेला हा प्रश्न आहे. उपाय म्हणजे पूर्ण जाडीची, प्रसंगी अधिक जाडीची न्यूट्रल.

तीस मिलीअँपिअरचा पहारेकरी

माणसाच्या शरीराचा रोध साधारण एक ते दोन हजार ओहम. ओल्या त्वचेचा त्याहून कमी. २३० व्होल्टला शरीरातून २०० मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहू शकतो. सुमारे १० मिलीअँपिअरला स्नायू आखडून हात सुटेनासा होतो, आणि काही दशके मिलीअँपिअर पुरेसा वेळ वाहिल्यास हृदयाची लय बिघडते. सोळा अँपिअरच्या एमसीबीकडून या प्रमाणातील प्रवाह ओळखण्याची अपेक्षाच चुकीची आहे. तो तारांचे रक्षण करतो, माणसांचे नव्हे.

माणसासाठी आरसीसीबी हे साधन आहे. त्यात फेज व न्यूट्रल दोन्ही एकाच चुंबकीय कड्यातून जातात. गेलेला प्रवाह तितकाच परत आला तर कड्यात काही घडत नाही. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह आवरण, माती किंवा माणूस यांच्या वाटेने निसटला, तर साधन ०.३ सेकंदाच्या आत, आणि पाचपट फरकाला ०.०४ सेकंदात पुरवठा तोडते. टीटी प्रणालीतील ज्या घरात २० ओहमचा अर्थ एमसीबी पाडू शकला नाही, तेथे आरसीसीबी आवरणावर एक व्होल्टही साचू देत नाही. राजस्थानच्या वाळूतील ३०० ओहमचा अर्थही तिच्यासाठी पुरेसा आहे : ०.०३ गुणिले ३००, म्हणजे ९ व्होल्ट. फेज आणि न्यूट्रल दोहोंना एकाच वेळी स्पर्श करणाऱ्याला मात्र ती वाचवू शकत नाही, कारण तो तिच्या दृष्टीने एक साधा दिवाच असतो.

इतके उपयुक्त साधन अनेक घरांत बसवल्यानंतर काही महिन्यांत काढून टाकलेले का आढळते? ‘सारखी पडते’ हे नेहमीचे उत्तर. ती पडते, कारण वायरिंगमधील न्यूट्रल मिसळलेल्या असतात. जिन्यातील दिव्यासाठी फेज एका मंडलाचा आणि न्यूट्रल शेजारच्या मंडलाची उसनी घेतलेली असते. नंतर बसवलेल्या इन्व्हर्टरची न्यूट्रल घरच्या न्यूट्रलशी भलत्याच जागी जोडलेली असते. किंवा सॉकेटमधील तो न्यूट्रल-अर्थचा तुकडा तेथेच असतो. या प्रत्येक बाबतीत आरसीसीबीच्या कड्यातून गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परततो आणि ती आपले काम चोख बजावते. ती दोष दाखवीत असते. आपण दोष दाखवणाऱ्यालाच दूर करतो.

कायदा आणि मीटरची फळी

वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, ३८ व्या नोंदीत आहे. भारतीय विद्युत अधिनियम, १९१० ची जागा विद्युत अधिनियम, २००३ ने घेतली. त्यातील कलम ५३ सुरक्षेविषयी असून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने त्याखाली २०१० मध्ये सुरक्षा विनियम केले. तोपर्यंत १९५६ चे नियम कलम १८५ अन्वये लागू राहिले होते. २०१० च्या विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे आणि घरगुती जोडण्यांसाठी गळतीरोधक साधनाची मर्यादा त्यांत ३० मिलीअँपिअर ठेवलेली आहे. अपघाताची सूचना देणे व चौकशी हा कलम १६१ चा, तर विद्युत निरीक्षकाची नियुक्ती हा कलम १६२ चा विषय. राष्ट्रीय विद्युत संहिता व राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ यांतही वायरिंगची तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वे आहेत.

नियमांची उणीव नाही. जोडणी देताना एकदा तपासणी होते. त्यानंतर घरात वातानुकूलन यंत्र येते, स्वयंपाकघर बदलते, इन्व्हर्टर बसतो, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी नव्याने न्यूट्रल जोडतो. जोडलेल्या संचमांडणीची तपासणी पाच वर्षांपेक्षा अधिक अंतराने होऊ नये, असे १९५६ च्या नियम ४६ मध्येही म्हटलेले होते. कोट्यवधी घरांच्या बाबतीत हे काम थोड्याशा निरीक्षकांकडून होणे कठीण आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या विजतंत्री व तारतंत्री यांच्या हाती अर्थ टेस्टर आणि इन्सुलेशन तपासणारा मेगर देऊन, गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक खर्चात या तपासणीची तरतूद केल्यास ते आवाक्यात येऊ शकते. एका सदनिकेची अशी तपासणी काही तासांत होते. मुख्य पुरवठा बंद करून न्यूट्रलचे सर्व स्क्रू आवळणे, प्रत्येक सॉकेट उघडून न्यूट्रल-अर्थचा तुकडा शोधणे, अर्थचा रोध मोजणे आणि आरसीसीबीवरील ‘टी’ हे बटण दाबून पाहणे, एवढेच त्यात असते. हे बटण साधन पडते की नाही इतकेच सांगते. अंगणातील नळी जमिनीशी जोडलेली आहे की नाही, हे सांगण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नाही.